चाकांवरचं बिऱ्हाड : स्टाइनबेक, ‘नोमॅडलँड’ आणि ॲरिस्टॉटलचं जहाज

बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘अमेरिकन प्रवासवर्णन’ असा लिहिला आहे. तो चुकीचा नाही, पण फार मोठा आहे. मी एकाच वाहनाबद्दल बोलणार आहे. अमेरिकेत त्याला आरव्ही म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, शौचालय, आणि खाली चाकं. आपल्याकडे ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ अशी म्हण आहे. म्हण चांगली आहे, पण ती आपण ज्या सुरात वापरतो तो सूर थोडा दयेचा असतो. बदलीच्या नोकरीतला माणूस, नाटक कंपनीतला माणूस, यांच्याबद्दल आपण ती म्हणतो. अमेरिकेत मात्र याच बिऱ्हाडाभोवती स्वातंत्र्याचं एक मोठं वलय आहे. ते वलय कशाचं आहे, कुणासाठी आहे, हे दोन कृतींच्या आधारे तपासायचं आहे. पहिली, जॉन स्टाइनबेकचं १९६२ सालचं पुस्तक ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’. दुसरी, क्लोई झाओचा २०२० सालचा चित्रपट ‘नोमॅडलँड’, आणि त्याच्या मागे असलेलं जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं २०१७ सालचं त्याच नावाचं पुस्तक.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत. त्यामुळे लास व्हेगासला उतरून भाड्याची आरव्ही घ्यायची आणि झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन करून परत यायचं, हा प्रकार ऐकूनच नव्हे तर करूनही माहीत असेल. मीही केला आहे. झायनमध्ये १९३० साली डोंगर पोखरून केलेला एक मैलाहून लांब बोगदा आहे. आरव्ही एवढी मोठी की ती बोगद्यातून मधोमध न्यावी लागते, म्हणून समोरची वाहतूक थांबवून आम्हाला सोडलं. तेवढ्यापुरतं आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटतं. मग संध्याकाळी तळावर पोचल्यावर मैल्याची टाकी रिकामी करायची नळी हातात येते आणि तो भ्रम उतरतो. (हशा) सांगायचं हे की या वाहनाची मजा मला ठाऊक आहे. उघड्या माळावर रात्री दार उघडलं की आकाश अंगावर येतं, हे खोटं नाही. त्या मजेवर माझा आक्षेप नाही.

आता स्टाइनबेक. १९६० च्या सप्टेंबरात तो लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरहून निघाला. वय ५८. नुकताच आजारातून उठलेला. डॉक्टर सांगताहेत, जपून राहा; आणि हा म्हणतो की जपून जगणारे म्हातारे मी पाहिले आहेत, मला तसं व्हायचं नाही. जीएमसीचा पिकअप ट्रक, त्यावर बसवलेली एक खोली, आणि सोबत चार्ली नावाचा फ्रेंच पूडल जातीचा कुत्रा. गाडीचं नाव ‘रोसिनान्ते’, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. स्वतःची थट्टा करूनच तो निघतो, हे लक्षात घ्या. गाडीत कपडे धुण्याची त्याची युक्ती मला फार आवडते. झाकणाची प्लास्टिकची बादली ताणल्या जाणाऱ्या दोरीनं टांगायची, आत पाणी, साबण, कपडे. दिवसभर रस्त्याचे हिसके बसतात आणि संध्याकाळपर्यंत कपडे स्वच्छ. लेखक हा असा असावा. त्याचा तर्क आपल्याला पटतो, कारण त्याचे हात दिसतात.

या पुस्तकावर नंतर मोठा वाद झाला. बिल स्टायगरवाल्ड या पत्रकारानं २०१० साली तो मार्ग पुन्हा धुंडाळला आणि दाखवून दिलं की स्टाइनबेक गाडीत झोपला त्याहून किती तरी रात्री हॉटेलात झोपला, बराच काळ त्याची बायको बरोबर होती, आणि काही संवाद घडले असण्याची शक्यता कमी आहे. ५० वर्षांनिमित्त निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे पारिनी यांनी, हे पुस्तक शब्दशः खरं धरू नये, असं नमूद केलं. आपल्याकडच्या काही वाचकांना या बातमीनं फार आनंद झाला. पकडला, म्हणाले. मला त्यात फारसं मोठं काही दिसत नाही. हॉटेलातली गादी लपवणं ही लबाडी आहे, पण छोटी. पुस्तक कुठे खरं आहे आणि कुठे नाही, ते वेगळ्याच जागी कळतं.

माझ्या मते ते सर्वांत खरं आहे मोहावे वाळवंटात. मोहावे म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पूर्वेचा कोरडा मुलूख. तिथे त्याला दोन कोयोटी दिसतात. आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतलं जनावर. स्टाइनबेककडे दुर्बीण लावलेली बंदूक आहे. तो नेम धरतो. लहानपणापासून शिकवलेलं आहे की कोयोटी दिसली की मारायची, ती कोंबड्या खाते. बोट चापावर आहे. आणि मग तो विचार करतो, अगदी तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यासारखा. कोंबड्या खाते म्हणून मारायची. पण इथे मैलोन्‌मैल कोंबडी नाही. मग मारण्याचं कारण उरतं कुठे? उरते ती फक्त सवय. तो बंदूक खाली घेतो. पुढे आणखी एक गोष्ट त्याच्या मनात येते. चिनी लोकांत म्हणे अशी समजूत आहे की ज्याचा जीव तुम्ही वाचवला त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. तेव्हा तो कुत्र्याच्या खाण्याचे दोन डबे उघडून तिथे ठेवतो आणि निघून जातो.

नीतिशास्त्र शिकवताना मी हा प्रसंग अनेक वर्षं वर्गात सांगितला. नियम कारणासाठी असतो, कारण संपलं तरी नियम हातात, बोटात, स्नायूत राहतो. आणि तो ओळखायला माणसाला नियमाच्या प्रदेशाबाहेर यावं लागतं. प्रवासाचं समर्थन करायचं तर असं करावं. निसर्गसौंदर्य वगैरे ठीक आहे. पण प्रवास जर आपल्याच बोटाकडे बघायला लावत असेल तर त्याची किंमत आहे.

परंतु याच्या लगेच पुढे काय होतं? तो ॲरिझोनात शिरतो, रूट ६६ धरतो. किंगमन, फ्लॅगस्टाफ, विन्स्लो, होलब्रूक, मग न्यू मेक्सिकोतलं गॅलप. नैर्ऋत्य अमेरिकेचा हा सगळा उघडा, लाल, अफाट मुलूख. आणि इथे तो कबूल करतो की आपण आता काही बघत नाही, ऐकत नाही, नुसते मैल कापतो आहोत. भरलेल्या भांड्यात आणखी ओतावं तसं. पर्वतरांगेच्या पाणलोट रेषेजवळ थांबून, चार्लीचा वाढदिवस असल्याचं ठरवून, तो धिरड्यांची चळत रचतो आणि वर मेणबत्ती लावतो. छान प्रसंग आहे. पण मला त्यात एका थकलेल्या माणसाची धडपड दिसते.

आणि हा रस्ता कोणता? २१ वर्षांपूर्वी, १९३९ साली, ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये याच स्टाइनबेकनं जोड कुटुंबाला याच रस्त्यानं उलट दिशेला नेलं होतं. ओक्लाहोमातली शेती गेलेली माणसं, जुन्या हडसन मोटारीची मागची बाजू कापून केलेला ट्रक, त्यावर अख्खं घर लादलेलं. तेही चाकांवरचं बिऱ्हाडच. मोहावे ओलांडताना रात्री आजी मरते, आणि तपासनाक्यावर गाडी थांबू नये म्हणून आई ‘ती आजारी आहे’ असं सांगत प्रेताशेजारी पडून राहते. तेच वाळवंट. १९६० मध्ये त्याच वाळवंटात लेखकाला दोन कोयोटींबद्दल इतका सूक्ष्म विचार सुचतो आणि त्या आईच्या रस्त्यावर मात्र डोळे मिटतात. मी त्याला दोष देत नाही, दुबळेपणा टिपून ठेवण्याइतका तो प्रामाणिक आहे. पण टीकाकार म्हणून मला हे नोंदवलं पाहिजे की आरव्ही नावाच्या गाडीनं, म्हणजे त्या सुखी अंतरानं, त्याला स्वतःच्याच सर्वोत्तम पुस्तकापासून दूर नेलं.

त्याला याची जाणीव अजिबात नव्हती असं मात्र नाही. प्रवासाच्या आरंभी, ईशान्येकडे, तो एका मोबाइल होममध्ये राहणाऱ्या कुटुंबाकडे जेवतो आणि विचारतो की मुलं अशी मुळांशिवाय वाढली तर कसं? घरातला बाप उत्तर देतो. माझा बाप इटलीत टस्कनीमध्ये वाढला, म्हणतो. घराणं त्याच जागी पिढ्यान्‌पिढ्या. दोन खोल्या, नळाचं पाणी नाही, द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्यांवर स्वयंपाक. ती मुळं हवीत का तुम्हाला? आणि शहरात बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याला कसली आली आहेत मुळं? स्टाइनबेक निरुत्तर होतो. मग त्याला वाटू लागतं की आपण माणसं मुळांना वाजवीपेक्षा जास्त किंमत देतो की काय. हा उतारा मी पुण्यात बसून वाचतो तेव्हा वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती आठवतात, आणि त्या इमारतीतल्या माणसांना वाड्याबद्दल वाटणारा जिव्हाळाही. वाड्यात सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेला माणूस तो जिव्हाळा जरा कमी बोलून दाखवतो.

आता ‘नोमॅडलँड’. नेवाडातलं एम्पायर हे गाव. जिप्समचा कारखाना आणि कारखान्याचंच गाव. २०११ साली कारखाना बंद झाला, गाव रिकामं झालं, टपाल खात्यानं पिनकोडसुद्धा रद्द केला. ८९४०५. हे सगळं खरं आहे. चित्रपटातली फर्न, फ्रान्सेस मॅकडॉरमंडनं केलेली, ही काल्पनिक बाई त्या गावातली विधवा. नवरा गेला, नोकरी गेली, घर गेलं. ती एका व्हॅनमध्ये संसार मांडते. नाताळच्या हंगामात ॲमेझॉनच्या गोदामात काम, हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात तळ, उन्हाळ्यात छावण्यांची राखण, नंतर नेब्रास्कात बीटची काढणी. व्हेनिसमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी ऑस्करही मिळाली. लिंडा मे, स्वांकी, बॉब वेल्स ही खरी भटकी माणसं स्वतःच्याच नावानं पडद्यावर येतात.

क्वार्ट्झसाइटबद्दल थोडं विषयांतर करतो. उन्हाळ्यात ते अगदी छोटं गाव असतं, हिवाळ्यात भोवतालचं वाळवंट आरव्हींनी भरून जातं, कारण सभोवतालची जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिथे थोड्या दिवसांसाठी फुकट किंवा स्वस्तात राहता येतं. त्या गावच्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे आणि टोकावर उंट. ती हाजी अलीची समाधी. १८५० च्या दशकात अमेरिकन लष्करानं वाळवंटात उंट वापरून पाहिले, त्या उंटांबरोबर ऑटोमन मुलखातून आलेला हा माणूस. अमेरिकनांनी त्याच्या नावाचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. उंटांचा प्रयोग संपला, माणूस तिथेच राहिला, १९०२ साली वारला. हे मला कुणीतरी सांगितलं तेव्हापासून क्वार्ट्झसाइट म्हटलं की आधी तो उंट दिसतो.

असो. फर्नला एक ओळखीची मुलगी भेटते, विचारते की तुम्ही बेघर झालात का? ती फरक सांगते : इमारत नाही, पण बेघर नाही. इंग्रजीत यासाठी दोन शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हीला ‘घर’ म्हणतो, आणि म्हणून हा संवाद मराठीत आणताना अडकतो. पण ‘बिऱ्हाड’ शब्द घेतला की मार्ग निघतो. घर गेलं, बिऱ्हाड आहे. बिऱ्हाडात भिंती गृहीत नाहीत. भांडी, अंथरुणं आणि माणसं गृहीत आहेत. फर्नकडे बाबांनी दिलेल्या ताटल्या आहेत. एक फुटते तेव्हा ती डिंक लावून जोडते. चित्रपटातला मला सर्वांत पटलेला क्षण तो.

माझी तक्रार इथून सुरू होते. ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमेकियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जहाज वादळात सापडलंय. जहाज वाचवायचं म्हणून कप्तान माल समुद्रात फेकतो. हे त्यानं स्वेच्छेनं केलं की सक्तीनं? ॲरिस्टॉटल म्हणतो, अशी कृती मिश्र असते. शांत समुद्रात कुणी शहाणा माणूस आपला माल फेकणार नाही. पण वादळात फेकणं हेच शहाणपण आहे, आणि हात तर त्याचेच हलतात. म्हणून तो ही कृती ऐच्छिक कृतींच्या जवळ ठेवतो. जवळ, पण वादळ वगळून नव्हे. ‘मिश्र’ हा शब्द दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो.

ब्रूडरच्या पुस्तकातली माणसं मिश्र आहेत. २००८ च्या आर्थिक पडझडीत कुणाची साठवण गेली, कुणाचं घर बँकेनं घेतलं. पेन्शन इतकी तुटपुंजी की घरभाडंच निघत नाही. त्यांनी माल फेकला, म्हणजे घर सोडलं, आणि व्हॅन घेतली. त्यांना रस्त्यावर आनंदही मिळतो, मैत्री मिळते, ब्रूडर ते लपवत नाही. पण ती गोदामात काय चालतं तेही सांगते. साठी-सत्तरीची माणसं काँक्रीटवर रोज मैलोन्‌मैल चालतात, आणि भिंतीवर वेदनाशामक गोळ्यांची यंत्रं लावलेली आहेत, गोळ्या फुकट. ही यंत्रं चित्रपटात नाहीत. चित्रपटातलं गोदाम हे स्वच्छ, उजेडाचं, दुपारच्या सुट्टीत मैत्रिणी जमण्याचं ठिकाण आहे. चित्रीकरण खऱ्या गोदामात झालं, हे लक्षात ठेवावं. खऱ्या जागेत कॅमेरा गेला म्हणून खरं दिसतंच असं नाही. याउलट स्वांकीचा प्राणघातक आजार पटकथेनं रचला आहे, आणि तो मात्र पडद्यावर दिसतो. स्टाइनबेकच्या हॉटेलांवर चिडलेल्या मंडळींनी याचाही हिशोब ठेवावा.

आणखी एक. फर्नला दोन घरं देऊ केली जातात. बहीण म्हणते, माझ्याकडे राहा. डेव्ह नावाचा सहप्रवासी मुलाच्या घरी स्थिरावलाय, तोही म्हणतो, राहा. ती दोन्ही ठिकाणांहून निघते. बहीण सांगते की फर्न लहानपणापासूनच अशी, चाकोरीबाहेरची. झालं! या एका संवादानं एम्पायरचा कारखाना, रद्द झालेला पिनकोड, सगळं पार्श्वभूमीला जातं, आणि भटकंती हा स्वभाव ठरतो. ज्या बाईला दोन उबदार खोल्या उपलब्ध आहेत तिच्या व्हॅनमध्ये राहण्याचा अर्थ वेगळा होतो. हात दिसतात, वादळ दिसत नाही. मग संधिप्रकाशातले माळ, दगडी सुळके, लुडोविको एनाउदीचा पियानो. दृश्यं अप्रतिम आहेत, आणि नेमकी म्हणूनच ती संशयास्पद आहेत : प्रत्येक अडचणीनंतर क्षितिज येतं, जणू क्षितिज हा तिचा पगार आहे.

मला ठाऊक आहे की या सभागृहात काहींना उलट वाटेल. चहाच्या वेळी मला विचारलं जातं, अहो सर, पण ती बहिणीकडे राहिली नाही यातच तिची प्रतिष्ठा नाही का? आहे. आपल्यातले किती तरी जण सहा महिने इथे आणि सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीत किंवा टेक्सासात असतात. तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत आपली बॅग पूर्ण रिकामी करायची की नाही, हा प्रश्न त्यांना कळतो. सून चांगली असते, मुलगा चांगला असतो, आणि तरी दुपारी चहा करताना गॅसचा आवाज मोठा वाटतो. ब्रूडरच्या पुस्तकातली लिंडा मे लेकीच्या माणसांनी भरलेल्या घरात अशीच राहत होती. तिला स्वतःची खोली नव्हती. ती निघाली. तिच्या निघण्यात प्रतिष्ठा आहे, आणि तिची पेन्शन हेही आहे. यातलं एक उचलून दुसरं सोडलं की प्रतिष्ठेची गोष्ट फार स्वस्त होते. म्हाताऱ्या माणसानं आपल्या मर्जीनं निघून जावं, यासारखी सोयीची गोष्ट कुटुंबाला नाही आणि सरकारलाही नाही.

‘उघडा मुलूख’ या कल्पनेबद्दलही बोललं पाहिजे, कारण दोन्ही कृती तिच्यावर उभ्या आहेत. तो मुलूख आपोआप रिकामा नव्हता. स्टाइनबेक ज्या गॅलपजवळून गेला तो नवाहो लोकांचा प्रदेश. १८६४ साली अमेरिकन लष्करानं हजारो नवाहो बायकामुलांसकट त्यांना तिथून तीनशेहून अधिक मैल चालवत पूर्वेला बोस्के रेदोंदोला नेलं. वाटेत आणि छावणीत पुष्कळ मेले. १८६८ साली तह झाला आणि ते पायी परत आले. अमेरिकेतल्या या भागातली सर्वांत मोठी भटकंती ही आहे, आणि तिच्यात एकही चाक नाही. ज्यांना तिथून हाकललं त्यांना त्या माळाचं काय वाटत होतं, हे त्या तहावरून कळतं : दुसरीकडे जमीन नको, तीच हवी. हा इतिहास दोन्ही कृतींच्या केंद्रात नाही. आपण आरव्हीच्या खिडकीतून तो माळ बघतो तेव्हा आपल्यालाही तो जगाच्या आरंभापासून आपली वाट बघत असल्यासारखा दिसतो.

चित्रपटाच्या शेवटी फर्न एम्पायरला परत जाते, रिकाम्या घरातून चालत मागच्या दारानं बाहेर पडते. मागे कुंपण नाही, थेट वाळवंट आणि डोंगर. कॅमेरा तिच्यामागून बाहेर येतो. चित्रपट सांगतो की घर आणि माळ यांत कधी भिंत नव्हतीच. पुस्तकातली लिंडा मे वेगळ्या दिशेला निघाली आहे. ॲरिझोनात, मेक्सिकोच्या सीमेजवळ डग्लस नावाचं गाव आहे. त्याच्या परिसरात तिनं पाच एकर ओसाड जमीन घेतली. तिला तिथे ‘अर्थशिप’ बांधायचं आहे. चित्रपटातही ती त्याबद्दल बोलते, पण बोलण्यापुरतंच. न्यू मेक्सिकोतल्या टाओसमध्ये मायकल रेनॉल्ड्स या वास्तुविशारदानं ही घरं प्रचारात आणली. भिंती जुन्या टायरांच्या असतात. टायर आडवा ठेवायचा, त्यात फावड्यानं माती घालायची आणि घणानं ठोकत राहायचं, तो फुगून दगडासारखा होईपर्यंत. एका टायरला बराच वेळ लागतो. मग त्यावर दुसरा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.